म्हादईचा नकाशा: कणकुंबीच्या माथ्यापासून पणजीच्या खाडीपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कूलमधले भूगोलाचे सर नववीच्या मुलांकडून म्हादईचा उगमापासून पणजीपर्यंतचा नकाशा आणि उंचीचा छेद करून घेणार आहेत. त्यांना तीन ठिकाणी अडलंय. म्हादई आणि मलप्रभा दोन्ही आपल्याच तालुक्यात उगवतात, मग एक पणजीला आणि दुसरी पार कृष्णेकाठच्या कूडलसंगमाला कशी जाते? पाणलोटाची हद्द नकाशावर नेमकी आखायची कशी? आणि म्हादईच्या पाणीवाटपाच्या वादात पेपरात रोज येणारे टीएमसीचे (पाणी मोजायच्या एककाचे) आकडे मुलांच्या गळी कसे उतरवायचे?

सर, नदीपासून सुरुवात करू नका, माथ्यापासून करा. मुलं नदी निळ्या पेन्सिलीने गिरवतात आणि नकाशा झाला म्हणतात. नदी कुठे जाते हे ज्या रेषेने ठरतं, ती रेषा नकाशावर छापलेली नसते. ती आपल्याला काढावी लागते.

खानापूर तालुक्यात पडलेल्या पावसाला समुद्र गाठायला तीन वाटा आहेत. मलप्रभेत पडलेला थेंब कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जातो. दक्षिणेकडच्या जंगलातला पांढरी नदीतून काळी नदीत आणि कारवारला जातो. पश्चिमेच्या कड्यांवरचा म्हादईतून पणजीला उतरतो. बैलूरच्या डोंगरातून निघणारी मार्कंडेय घटप्रभेला मिळते, म्हणजे तिचं पाणी शेवटी कृष्णेतच. पहिल्या दिवशी फळ्यावर एवढंच काढा. एका तालुक्याचं पाणी दोन समुद्रांत जातं हे बघून मुलांचे डोळे विस्फारतात, आणि पुढचं काम सोपं होतं.

यातली सगळ्यात शिकवण्याजोगी जागा म्हणजे कणकुंबी. माउलीच्या देवळापाशी, समुद्रसपाटीपासून सुमारे ७९२ मीटर उंचीवर मलप्रभेचा उगम मानतात. त्याच गावच्या शिवारात कळसा नाला सुरू होतो आणि तो मात्र पश्चिमेला गोव्यातल्या सत्तरीकडे उतरतो. आता उतार मोजा. मलप्रभा कणकुंबीपासून कूडलसंगमापर्यंत ३०४ किलोमीटर वाहते आणि तिथे कृष्णेला ४८८ मीटर उंचीवर मिळते. म्हणजे ३०४ किलोमीटरांत ३०४ मीटर, सरासरी किलोमीटरला एक मीटर. हा हिशेब इतका नेटका पडतो की मुलं विसरत नाहीत. पश्चिमेला वाहणारे नाले एवढीच उंची काही किलोमीटरांत उतरून मोकळे होतात.

उताराच्या या फरकातच पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. उतार जास्त असला की पाण्याचा जोर जास्त, आणि नाला आपल्या डोक्याकडची जमीन खात मागे सरकतो. घाटाच्या पश्चिम अंगाचे सगळे नाले असे पूर्वेकडे माथा कुरतडत आलेत. वरची मलप्रभेची खोरी रुंद, उथळ आणि भाताच्या खाचरांची आहेत. चोर्ला-कणकुंबी भागात माथ्यावर जांभ्याची टोपी असल्यामुळे तो बराच सपाट राहिलाय. सपाट माथा आणि त्याच्या कडेला खोल दरी, अशा ठिकाणी जलविभाजक, म्हणजे दोन खोऱ्यांचं पाणी वेगळं करणारी रेषा, डोंगराच्या धारेवरून जात नाही. शेताच्या बांधावरून, देवळाच्या मागून, रस्त्याच्या कडेने जातो. म्हणून तो डोळ्यांना दिसत नाही. कळशाचं पाणी मलप्रभेत वळवायची कर्नाटकाची कल्पना निघाली तीही याच भूगोलातून. दोन खोऱ्यांमध्ये आडवा डोंगर नाही, नुसता उंबरठा आहे.

म्हादईचा स्वतःचा उगम भीमगड अभयारण्यात, देगावच्या आसपासचा धरतात. हे अभयारण्य १९०.४२ चौरस किलोमीटरचं, २०११ मध्ये जाहीर झालेलं. तिथे एक ठरावीक कुंड नाही, झऱ्यांचा समूह आहे. नकाशावर उगम म्हणून ठिपका देण्याऐवजी छोटं वर्तुळ काढायला सांगा. आणि नावांचा गोंधळ आधीच निस्तरून ठेवा. म्हादईला मिळणारा एक नाला मराठीत भांडुरा, कन्नड कागदांत बंडूरी; आपण म्हादई म्हणतो, काही अहवालांत महदायी लिहिलेलं असतं, आणि खाली खाडीत तीच मांडवी होते. मुलांनी वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक नावाची सगळी रूपं लिहून ठेवली नाहीत, तर एकच नाला नकाशावर दोनदा निघतो.

आता कागद. सर्वे ऑफ इंडियाची १:५०,००० ची पत्रकं घ्या. जुन्या क्रमांकांप्रमाणे कणकुंबी ४८ आय/२ मध्ये येतं, भीमगडाचा पूर्वेकडचा भाग ४८ आय/६ मध्ये. वाळपई परत ४८ आय/२ मध्ये, फोंडा ४८ आय/३ मध्ये, आणि पणजी ४८ ई/१४ आणि ४८ ई/१५ यांच्या सांध्यावर. नव्या खुल्या मालिकेत क्रमांक वेगळे आहेत, म्हणून तिथे क्रमांकाने न शोधता अक्षांश-रेखांशाने शोधा: कणकुंबी साधारण १५° ४२' उत्तर, ७४° १३' पूर्व. ही पत्रकं सर्वे ऑफ इंडियाच्या पोर्टलवरून उतरवून घेता येतात. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवा. तो चालू राहिला की प्रमाण बिघडतं आणि पुढचे सगळे हिशेब चुकतात. छापून आल्यावर नकाशावरची प्रमाणपट्टी फूटपट्टीने मोजा. २ सेंटिमीटरला १ किलोमीटर बसलं पाहिजे.

हाताने पाणलोट काढायची रीत सोपी आहे, फक्त घाई नको. नकाशावर ट्रेसिंग पेपर चिकटवा. आधी सगळे निळे प्रवाह गिरवा, तुटक रेषेचेसुद्धा, कारण आपल्याकडचे निम्मे नाले हंगामी आहेत. मग जिथपर्यंतचा पाणलोट हवा ती जागा पक्की करा, उदाहरणार्थ कळसा नाला राज्याची हद्द ओलांडतो ती जागा. तिथून चढावर निघा. समोच्च रेषा उंचीकडे टोक करून आत वळल्या असतील तर तो नाला. सखल बाजूला टोक करून बाहेर आल्या असतील तर तो सोंड. आपली रेषा सोंडेवरून जाणार, समोच्च रेषांना काटकोनात छेदणार, आणि निळा प्रवाह कुठेही ओलांडणार नाही. ओलांडला की चूक झाली, मागे या. शेवटी रेषा फिरून निघाल्या जागी मिळाली पाहिजे.

कणकुंबीला आलात की मुलं अडणार. या पत्रकांवर दोन समोच्च रेषांतलं अंतर २० मीटर असतं, आणि सपाट माथ्यावरचा विभाजक त्या वीस मीटरांच्या आतच बसतो. कागदावर मोकळी पांढरी जागा दिसते आणि रेषा कुठून न्यायची ते कळत नाही. अशा वेळी दोन्हीकडच्या प्रवाहांची शेंड्याची टोकं बघा आणि त्यांच्या मधोमध पेन्सिलीने फिकट रेषा ओढा. मग पाऊस उघडल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी, जांबोटी-कणकुंबी-चोर्ला रस्त्यावर पडताळणी करा. रस्त्यावरच्या मोऱ्या एकेक करून बघत जायचं: मोरीतून पाणी कुठल्या अंगाला पडतं, आणि पुढे ज्या ओहोळाला मिळतं तो पूर्वेला जातो की पश्चिमेला. रस्त्याकडेच्या गटाराच्या वाहण्यावर मात्र विसंबू नका. गटार रस्त्याच्या उताराने जातं आणि खुशाल विभाजक ओलांडून पाणी पलीकडच्या मोरीत आणून टाकतं. पहिल्या वर्षी बहुतेकांची चूक इथेच होते.

शाळेत संगणक असेल तर क्यूजीआयएस या नकाशाच्या मोफत सॉफ्टवेअरवर तेच काम करून हाताच्या रेषेशी ताडून बघा. उंचीची तीस मीटरच्या चौकटींची विदा (डेटा) फुकट मिळते. ती यूटीएम ४३ उत्तर या प्रक्षेपात आणा, खड्डे भरा, प्रवाहाची दिशा काढा, प्रवाहसंचय (प्रत्येक चौकटीत वरच्या किती चौकटींचं पाणी येतं तो आकडा) काढा, आणि १,००० चौकटींचा उंबरठा द्या. एक चौकट ९०० चौरस मीटरची, म्हणजे ०.९ चौरस किलोमीटर पाणलोट जमला की रेषा सुरू होईल. आपल्या घाटातल्या नाल्यांना हा उंबरठा बरा बसतो. १०० दिला तर नकाशाभर केसांसारख्या रेषा उगवतात. बाहेर पडायचा बिंदू ठेवताना तो संचयाच्या गडद चौकटीवर नेमका बसलाय ना ते झूम करून बघा. एक चौकट बाजूला पडला की अख्ख्या खोऱ्याऐवजी शेतभर पाणलोट मिळतो.

विदा कुठल्या सालची, हे आधी बघा. अमेरिकी अंतराळ शटलवरच्या रडारची विदा फेब्रुवारी २००० मधली आहे. कणकुंबीत कळशाच्या कालव्याची खोदाई त्यानंतरची. त्यामुळे जुन्या विदेवर नैसर्गिक विभाजक मिळतो. युरोपच्या कोपर्निकस उपक्रमाची विदा २०११ ते २०१५ मधल्या मोजणीची. तीत खोदलेला चर उमटला असेल तर संगणक कळशाचा तुकडा बिनदिक्कत मलप्रभेला देऊन टाकेल. दोन विदा, दोन उत्तरं, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. दाट जंगलात रडारला झाडांचे शेंडे दिसतात, जमीन नाही, हेही मुलांच्या कानावर घाला. भीमगडात त्याचा परिणाम होतो.

क्षेत्रफळ आलेख कागदावर मोजा. १:५०,००० वर एक चौरस सेंटिमीटर म्हणजे पाव चौरस किलोमीटर. अर्ध्याहून मोठा चौकोन धरायचा, लहान सोडायचा. म्हादईचं सगळं खोरं २,०३२ चौरस किलोमीटरचं आहे: गोव्यात १,५८०, कर्नाटकात ३७५ आणि महाराष्ट्रात ७७. कर्नाटकाचा वाटा या प्रमाणावर १,५०० चौरस सेंटिमीटर होतो. मुलांचं उत्तर १,४५० ते १,५५० मध्ये आलं तर शाबासकी द्या.

लांबीचं मात्र तसं नाही. म्हादईची लांबी कुठे ८१ किलोमीटर छापलेली सापडेल, कुठे १११. क्षेत्रफळावर एकमत आणि लांबीवर नाही, असं का? कारण लांबी ही वळणं किती बारकाईने मोजली यावर ठरते. मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर वळणं जास्त दिसतात, दोरा जास्त लागतो. ८१ मध्ये कर्नाटकात ३५, महाराष्ट्रात १ आणि गोव्यात ४५ अशी फोड देतात. पण गोव्यात मुखापासून गांजे गावापर्यंतची, भरती पोचते ती खाडीच पात्राने सुमारे ५० किलोमीटर भरते. म्हणजे गोव्यातले ४५ फारच सरळ मोजलेले दिसतात. १११ मधले गोव्याचे ७६ या कसोटीला उतरतात. मुलांना ओल्या सुती दोऱ्याने मोजू द्या (कोरडा दोरा वळणावर सुटतो), तीनदा मोजून सरासरी घेऊ द्या, आणि आलेल्या आकड्याशेजारी नकाशाचं प्रमाण लिहायला लावा. प्रमाण न लिहिता नुसती लांबी लिहिली असेल तर अर्धा गुण कापा, मी म्हणतो म्हणून.

उंचीच्या छेदासाठी आडवं प्रमाण १ सेंटिमीटर = २.५ किलोमीटर आणि उभं १ सेंटिमीटर = १०० मीटर घ्या. उभी अतिशयोक्ती २५ पट होते. ती छेदाखाली लिहायची, नाहीतर मुलांना वाटतं घाट खरंच भिंतीसारखा आहे. म्हादई साधारण ४४ सेंटिमीटर लांब होईल. मलप्रभा याच प्रमाणात १२२ सेंटिमीटर, म्हणजे तीन तक्ते जोडावे लागतील. जागा असेल तर दोन्ही एकाच भिंतीवर लावा: मधे माथा, उजवीकडे लांबलचक, जवळजवळ आडवी मलप्रभा, डावीकडे धाडकन कोसळणारी म्हादई. गवळी आणि तळेवाडीच्या दरम्यानचा वज्रपोहा धबधबा सुमारे २०० मीटरांचा आहे. छेदावर तो दोन सेंटिमीटरांची उभी रेघ होतो. तो गुळगुळीत वळणात मिसळू देऊ नका.

डावीकडचं टोक बघा. छेद सत्तरीत उतरला की सपाट होतो आणि गांजेपासून पुढे तो अक्षरशः समुद्रसपाटीवर असतो. इथे नदीचा भूगोल संपतो आणि खाडीचा सुरू होतो. माझ्या मते शाळेच्या पुस्तकांत हाच भाग सगळ्यात तोकडा असतो, म्हणून यावर जास्त वेळ द्या.

मांडवीच्या मुखाशी आग्वाद आणि काबो या दोन टोकांमध्ये पात्र तीन किलोमीटरांहून रुंद आहे. पणजीपाशी ते अर्ध्या किलोमीटरच्या थोडं पुढे, आणि वर जावं तसं अरुंद होत जातं. नरसाळ्यासारखा आकार. भरतीची लाट आत शिरते तेव्हा काठ जवळ येत गेल्यामुळे तिची उंची वाढायला हवी. तळाच्या घर्षणामुळे कमी व्हायला हवी. मांडवीत ही दोन कामं एकमेकांना जवळजवळ तोलून धरतात. म्हणून मुखापासून सुमारे चाळीस किलोमीटर आतपर्यंत भरती-ओहोटीतला फरक फारसा कमी होत नाही, आणि शेवटच्या दहा किलोमीटरांत झपाट्याने संपतो. उधाणाला हा फरक दोन मीटरांच्या थोडा वर असतो, भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, बराच कमी.

पाण्याचा खारटपणा ऋतूवर चालतो. जुलै-ऑगस्टमध्ये घाटाचं पाणी इतकं येतं की पणजीपाशी वरचं पाणी जवळपास गोडं असतं आणि खारं पाणी खालून पाचरीसारखं शिरतं. पाऊस गेला की दोन्ही थर मिसळू लागतात. एप्रिल-मे मध्ये वरून येणारी नदी इतकी रोडावते की खाडीभर वरपासून तळापर्यंत खारं पाणी, आणि ते दूरवर आत जातं. म्हणून मे महिन्यात पणजीच्या पुलाखाली दिसणारं पाणी म्हादईचं नसतं, अरबी समुद्राचं असतं. हे मुलांना पटत नाही. पटवायला पणजीहून आणि खानापूरच्या मलप्रभेतून प्रत्येकी पाव लिटर पाणी आणा आणि स्टीलच्या वाटीत मंद आचेवर आटवा. शेवटचा भाग उन्हात सुकवा, गॅसवर नको, मीठ उडतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे पाव लिटरला पावणेनऊ ग्रॅम. सोनाराकडच्या किंवा शाळेच्या प्रयोगशाळेतल्या काट्यावर वजन करा, पण लगेच. हे मीठ हवेतली ओल धरतं आणि दमट दिवशी वजन वाढत जातं.

खाडीत पाणलोटाची रेषाही दगा देते. दिवाडी आणि चोडण ही बेटं मांडवीत आहेत, आणि कुंभारजुवेचा कालवा मांडवीला थेट जुवारीशी जोडतो. पंधरा-सतरा किलोमीटरांचा हा फाटा असल्यामुळे दोन खोऱ्यांमधली हद्द तिथे तुटते. ती मुलांना तुटक रेषेने दाखवू द्या. अखंड ओढली तर ते खोटं होईल. पावसाळ्यात आग्वादच्या मुखाशी वाळूचा दांडा आणि लाटा यांमुळे होड्यांना बाहेर पडणं धोक्याचं होतं, तेव्हा खनिजाच्या बार्जेस याच कुंभारजुव्यातून मुरगावला जायच्या. शिवाय काठची खाजणं, म्हणजे खाडीलगतची सखल शेतं, भरतीच्या पातळीखाली आहेत. बांध घालून आणि मानस म्हणतात त्या दारांनी ती कोरडी ठेवतात: ओहोटीला दार आतल्या पाण्याने उघडतं, भरतीला बाहेरच्या दाबाने मिटतं. संगणकाला बांध दिसत नाही, तो पाणी खुशाल खाजणात सोडतो. म्हणून संगणकी पाणलोट गांजेला थांबवा आणि खालचा भाग हातानेच काढा.

पणजी डाव्या काठावर आहे, जुनं गोवेही त्याच काठावर, थोडं वर, दिवाडीसमोर. राजधानी १८४३ मध्ये पणजीला आली. दोन्हींच्या मधला रायबंदरचा लांब दगडी बांधरस्ता १६३०च्या दशकातला, मिठागरं आणि खाजणांवरून काढलेला. शहराचा बराच भाग सखल आहे. जोरदार पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली की सांतिनेजच्या ओढ्याला आणि गटारांना पाणी ओतायला जागाच उरत नाही, आणि रस्ते तुंबतात. त्या वेळी म्हादईला पूर असलाच पाहिजे असं नाही.

आता टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, मीटरमध्ये २.८३ कोटी घनमीटर, लिटरमध्ये सुमारे २,८३१ कोटी. मुलांना यातलं काही लागत नाही. त्यांना ओढ्यावर न्या. दिवाळीनंतर, पाणी गुडघ्याखाली आल्यावर, मलप्रभेच्या एखाद्या सरळ तुकड्यावर वीस मीटर दोरीने मोजा. दर मीटरला खोली घ्या. अर्धी भरलेली बाटली सोडा आणि वेळ घ्या, पाच वेळा. समजा रुंदी ६ मीटर, सरासरी खोली ०.४ मीटर, बाटलीला ४० सेकंद लागले. पृष्ठवेग सेकंदाला ०.५ मीटर, तळाकडे पाणी हळू जातं म्हणून ०.८५ ने गुणा, ०.४२५. छेद २.४ चौरस मीटर. प्रवाह सेकंदाला १.०२ घनमीटर, म्हणजे ३६ क्युसेक (सेकंदाला ३६ घनफूट). आता विचारा, हा ओढा १ टीएमसी भरायला किती दिवस घेईल? ३२१. बाटली काठाच्या गवतात अडकली तर ती फेरी रद्द करायची, सरासरीत धरायची नाही. पावसाळ्यात हा प्रयोग करू नका, आणि भीमगडाच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका.

पुढचा हिशेब लवादाच्या आकड्यांवर. म्हादई जलतंटा लवाद नोव्हेंबर २०१० मध्ये नेमला गेला आणि त्याने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला. केंद्राने तो फेब्रुवारी २०२० मध्ये अधिसूचित केला. खोऱ्याचं पाणी ७५ टक्के भरवशाने, म्हणजे चारातल्या तीन वर्षी तरी मिळेल असं, १८८.०६ टीएमसी धरलंय. हे २,०३२ चौरस किलोमीटरांवर पसरलं तर थर येतो २.६२ मीटरांचा. जमिनीत मुरून आणि हवेत उडून उरलेलं पाणी एवढं. बेळगाव शहरात वर्षभरात पडणारा पाऊसच याच्या निम्म्याच्या आसपास असतो. कर्नाटकाला १३.४२ टीएमसी मिळाले. त्यात ८.०२ वीजनिर्मितीचे, जे परत नदीतच येतात, १.५ खोऱ्यातल्या वापराचे, आणि ३.९ मलप्रभेत वळवायचे, कळशातून १.७२ आणि भांडुऱ्यातून २.१८. गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३.

३.९ हे १८८.०६ च्या दोन टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे हा आकडा फेकून ‘गोव्याला काय फरक पडतो’ म्हणतात, आणि पलीकडे ‘म्हादई सुकणार, पणजी सुकणार’ म्हणतात. नकाशा काढलेल्या मुलाला दोन्ही वाक्यांतली गफलत दिसायला हवी. पणजीपाशी भरती आहे तोवर पात्र रिकामं होणार नाही. पण १.७२ टीएमसी सगळ्या नदीतून काढायचे नाहीत, कणकुंबीच्या एका नाल्यातून काढायचे आहेत. सरासरी थराने एक चौरस किलोमीटर वर्षाला ०.०९२५ टीएमसी देतो. म्हणजे १.७२ साठी साडेअठरा चौरस किलोमीटरांचं अख्ख्या वर्षाचं पाणी लागतं, २.१८ साठी साडेतेवीसांचं. ट्रेसिंग पेपरवर ते अनुक्रमे ७४ आणि ९४ चौरस सेंटिमीटर. मुलांनी वळवण्याच्या जागेच्या वरचा पाणलोट काढलाच आहे. तो या आकड्यांशी ताडून बघू द्या. माथ्यावर पाऊस सरासरीहून बराच जास्त, त्यामुळे प्रत्यक्षात कमी क्षेत्र पुरतं, हेही सांगा. नाल्याच्या दृष्टीने वाटा मोठा, नदीच्या दृष्टीने छोटा, समुद्राच्या दृष्टीने शून्य. कुठे उभं राहून मोजताय यावर उत्तर बदलतं.

महिनाही बदलतो. जुलैत काढलेले तेवढेच टीएमसी आणि फेब्रुवारीत काढलेले तेवढेच टीएमसी, यांची बरोबरी होत नाही. खरी नाजूक जागा पणजी नाही, घाटाचा पायथा ते गांजे हा सत्तरीचा पट्टा आहे, जिथे भरती पोचत नाही आणि उन्हाळ्यात झऱ्यांचंच पाणी वाहतं. पणजीच्या नळाला येणारं पाणी मुख्यतः ओपाहून येतं, म्हणजे खांडेपार नदीवरून. ती मांडवीची उपनदी खरी, पण तिची वरची अंगं कॅसलरॉककडची. कळसा-भांडुऱ्याशी तिचा वरच्या अंगाला संबंध नाही. उलट बाजूला सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणाची क्षमता ३७.७३ टीएमसी आहे आणि ते अनेक वर्षी पूर्ण भरत नाही, ही मलप्रभेच्या खोऱ्याची खरी अडचण आहे. ती नकाशावर लाल पेन्सिलीने दाखवा, वर्गात वाद होईल, होऊ द्या.

भरती-ओहोटी दाखवायला पणजीची सहल काढणार असाल तर वार बघून नव्हे, तिथी बघून काढा. कोकणातला जुना आडाखा असा: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ साधारण कळते. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, अष्टमीला सहा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून छापील भरतीपत्रकाशी ताडून घ्या. पौर्णिमेला गेलात तर ओहोटी साडेपाचला लागते आणि परतीचा चोर्ला घाट अंधारात येतो. त्रयोदशी धरा: भरती पावणेदहाला, ओहोटी चारच्या सुमाराला, आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे पातळीतला फरकही चांगला दिसतो. खानापूरहून पहाटे पाचला निघालात तर कणकुंबीला अर्धा तास थांबून मोऱ्या दाखवता येतात आणि भरतीला पणजी गाठता येते. रायबंदरच्या फेरीच्या धक्क्यावर उतरता काँक्रीट उतार आहे. पाणी कुठवर आलंय ती जागा लांबून फोटोत घ्या, आणि चारला त्याच जागेवरून परत. मधल्या वेळात ओला, शेवाळलेला पट्टा किती उघडा पडला ते मुलं स्वतः बघतील. मात्र त्या शेवाळावर कुणालाही उतरू देऊ नका, पाय ठरत नाही.